आधी हात ओले करा

गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, ती नदीवर भिरकावायची आणि लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, असा गुरुजींचा छंद. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता, नोकरी बँकेतली. पण रविवारी काठावर हौशी मंडळी जमवून शिकवायचे, म्हणून गुरुजी.

"आधी हात ओले करा," ते बजावायचे. "कोरड्या हातानं धरलंत तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग सोडूनही तो जगत नाही. जीव आहे तो, भाजीची पिशवी नाही."

यावर सगळ्यांत जोरात मान डोलवायच्या त्या जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई.

सोमवारी संध्याकाळी गुरुजी आईला त्यांच्याकडेच बीपी तपासायला घेऊन गेले. बाईंनी बाही वर सरकवली, तर म्हातारीच्या कागदासारख्या दंडावर चार बोटं काळीनिळी उमटलेली, आणि मागच्या बाजूला अंगठा.

सकाळी बाथरूममधून बाहेर यायला आईला वेळ लागत होता आणि गुरुजींना बँकेत जायला उशीर होत होता. एवढंच झालं होतं.

"दार लागलं गं," आई घाईघाईनं म्हणाली. "मीच मेली वेंधळी. हा बिचारा किती जपतो मला."

गुरुजींनी उजवा हात हळूच खिशात घातला.

डॉक्टरीणबाई उठल्या, बेसिनपाशी जाऊन दोन्ही हात ओले केले आणि न पुसताच आईचा दंड अलगद धरला.