एकादशीची गोळी

"जेवणानंतर रोज एक गोळी. चुकवायची नाही," ह्यांच्या मानेची सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या रक्तवाहिनीची भिंत जाड झाली होती.

मी नेमाने द्यायचे. एकादशीची तेवढी डबीत परत ठेवायचे. फराळाला जेवण कसं म्हणायचं?

"देवाच्या दिवशी देव बघेल," मी म्हणायचे.

"तुझा देव कुठल्या दवाखान्यात बसतो गं?" हे हसायचे.

गेल्या कार्तिकी एकादशीला पूजा करताना ह्यांच्या हातातून पळी गळाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. "फराळानंतरही चालली असती हो गोळी, ताई," डॉक्टर हळूच म्हणाले.

परवा माझ्याही सोनोग्राफीत तेच निघालं. ह्यांनी डाव्या हातानं गोळ्यांचं पाकीट माझ्या मुठीत कोंबलं आणि मी "रोज घेईन" म्हणेपर्यंत मूठ सोडली नाही.

आज हरतालिका. ह्यांच्या आयुष्यासाठी चाळीस वर्षं या दिवशी मी पाण्याचा थेंबही घेतला नाही. पूजा आटोपून मी एक केळं उचललं, पेला भरला आणि ह्यांच्यासमोर जाऊन बसले.