अण्णांच्या हाताचा गुण

बायकोचा आखडलेला खांदा आपल्याच हाताने मोकळा झाला, तर हाडं बसवणाऱ्या अण्णांचं नाव दहा गावांत गाजणार होतं. तीच डॉक्टरकडे गेली, तर ओट्यावरची रुग्णांची रांग उठणार होती. म्हणून इंदुमतीच्या नशिबी आठ महिने तेल, हिसके आणि "सोस जरा, नाटकं नकोत!" एवढंच होतं. वेणीसुद्धा शेजारीण घालून देई.

आज अण्णांचा सदरा भिजवताना खिशात कार्ड सापडलं. तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टचं, अण्णांच्याच नावाचं. उजवा खांदा. त्यांचं दुखणं सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी पहिली भेट, आजवर बारा. दर बाजाराला तालुक्याला जाणं ते हेच! खाली छापलं होतं : हात वर-मागे जाईना, दुखण्याने झोप मोडू लागली, तर लगेच दाखवा. खांद्याला हिसके देऊ नका.

तिचं डोकं सणकलं. ओल्या हातांनीच ती ओट्यावर आली.

"अहो, उजवा हात वर करा."

"अगं, लोक बसलेत."

"त्यांच्यासाठीच म्हणते. करा!"

अण्णांचा हात कानापर्यंत गेला. तिने आपला उचलला, तो छातीपाशीच अडला.

"यांचा खांदा डॉक्टरकडे गेला होता," कार्ड रांगेपुढे धरत ती म्हणाली, "माझा यांच्याकडे. आता तुम्ही कुठे जायचं ते बघा."

रांगेतल्या सहाही जणांनी चपला शोधल्या. अण्णांचं नाव आज गेलं, पाच मिनिटांत. तिचे आठ महिने त्याआधीच गेले होते, त्याच नावापायी.