चाकाखालचं लिंबू

माझी गाडी मला रोज सेलूच्या शाळेत नेऊन आणायची. मोबाइलवर व्हिडिओ पाहून इंजिनीअर झालेल्या नवऱ्याने तिचं चालतं इंजिन भंगारात दिलं, ट्रॅक्टरचं बसवलं आणि त्यावर दोन टर्बो चढवले. “आता हे गाडी नाई, विमान हाय,” म्हणाला. आज सासूबाईंनी गाडीला कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी डबा घेऊन उभी होते. त्याने चावी फिरवली. खिडक्या हादरल्या, शेजारणीचे उन्हातले पापड काळे झाले, खालून काहीतरी कडकन मोडलं आणि गाडी जागीच बसली. “टर्बो बरोबर चालून राह्यले,” तो धुरातून म्हणाला, “कोणाची तरी नजर लागली.” “नजर लागाले आधी पाह्यण्यासारखं काही पाह्यजे,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून अख्खं लिंबू उचललं, पदराने पुसून माझ्या डब्यावर ठेवलं. “पोह्यावर पिळजो, सूनबाई. एसटी निघून जाईन.”