सात ठिपके

नव्या टॉवरची माहिती देता देता इंजिनिअर मृणाल खांबेटे थकून गेली होती. नगराध्यक्ष धोंडेसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले, "मॅडम, जरा सोपं करून सांगा. आम्ही काही शिकलेली माणसं नाही."

मग तिने लहरी आणि आलेख बाजूला ठेवले. कुणाचा माग कधी काढायचा नाही, ते नियमांचं पानही गाळलं.

"साहेब, या टॉवरला माणसाचा श्वास ओळखता येतो. जवळ मोबाइल नसला तरी, भिंतीआडूनसुद्धा. महिनाभर याच सभागृहात चाचणी चालली होती, त्यामुळे तुम्हा सगळ्यांचे श्वास त्याच्या ओळखीचे झालेत."

धोंडे पुढे सरकले. "आमचे सात नगरसेवक फोडून विरोधकांनी सहलीला नेलेत. परवा अविश्वास ठराव आहे. ते सापडतील?"

अखेर कुणाला तरी समजलं, या आनंदात मृणालने नकाशा उघडला. घाटाखालच्या एका रिसॉर्टवर सात हिरवे ठिपके होते आणि प्रत्येक श्वासासरशी ते लुकलुकत होते. धोंडे फोन घेऊन बाहेर गेले.

तासाभराने ते परतले, तेव्हा चहा आलेला होता.

"तुमच्या टॉवरचा प्रस्ताव मंजूर," खुर्चीत बसत ते म्हणाले. "समजावून सांगावं तर तुमच्यासारखं."

मृणाल हसली आणि लॅपटॉप बंद करायला वाकली. सातही ठिपके अजून तिथेच होते. त्यांतला एक लुकलुकत नव्हता.