डब्याचं झाकण

बेल दाबण्याआधी काशिनाथरावांनी घड्याळात तीन वाजू दिले. तोवर ते मुलीला घेऊन दाराबाहेर नुसते उभे होते. डच माणसाकडे लवकर जाणं म्हणजे उशिरा जाण्याइतकंच वाईट, असं त्यांचं म्हणणं.

"बाबा, निदान तो भगवा मफलर तरी काढा," नीलांबरी म्हणाली.

"भगवा काय? नारिंगी! त्यांच्या राजघराण्याचा रंग आहे तो. आज हेंकची ऐंशी पूर्ण होतायत. आणि नीट ऐक. आत खुर्च्या गोल मांडलेल्या असतील. आधी सगळ्या गोलाला हात मिळवायचा, मगच बसायचं. तिथे वाढदिवस एकट्याचा नसतो. बायको, भाऊ, जावई, शेजारी, सगळ्यांचं अभिनंदन करायचं. कुत्रा असला तर त्याचंही. कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा फिरेल, त्यातलं एकच घ्यायचं. मग झाकण बंद होतं."

"आणि दुसरं हवं असलं तर?"

"डचांच्या घरात दुसरं नसतं. चाळीस वर्षं बघतोय."

चाळीस वर्षं ते बोटीवर इंजिनिअर होते. त्यातली निम्मी रॉटरडॅमला गेली, असं ते सांगत. बोट तिथं एकूण किती दिवस थांबली, हे विचारायची सोय नव्हती. तिथल्या वाऱ्यात एकदा रात्रभर सायकल मारली आणि सकाळी बघतात तर मागच्या गावात पोचलेले, ही गोष्ट टौरंगातल्या यच्चयावत मराठी घरांनी ऐकली होती. मुलीकडे या किवी मुलखात राहायला आल्यावर बागेतल्या बाकावर हेंक भेटला, आणि ही गोष्ट ऐकून न हसणारा पहिला माणूस त्यांना मिळाला. हेंकने फक्त विचारलं होतं, "कुठलं गाव?"

रस्त्यावर गाड्याच गाड्या होत्या. "वेळेआधी आलेत," काशिनाथराव कुजबुजले. "किवी असणार."

दार एका तरुण मुलीने उघडलं. तिचे डोळे लाल होते. काशिनाथरावांनी मागे वळून मराठीत समजावलं, "फुलांची ॲलर्जी. घरात एवढी फुलं, होणारच."

फुलं खरंच पुष्कळ होती. आणि खुर्च्या गोल होत्या! अगदी तसाच गोल, मांडीवर तशाच कपबशा, ताटलीत केकचा तसाच पातळ तुकडा. काशिनाथरावांच्या छातीत काहीतरी फुलून आलं. इतक्या लांब, समुद्राच्या या टोकाला, सगळं जसंच्या तसं. ते पुढे झाले आणि पहिल्या खुर्चीशी वाकून त्यांनी ठेवणीतला शब्द काढला.

"खेफेलिसितेर्त!" अभिनंदन.

पहिले तिघं इथेच जन्मलेले. डच त्यांच्या कानावरूनही गेलेलं नव्हतं. ते उठून म्हणाले, "थँक यू. थँक यू सो मच." एकाने तर त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. काशिनाथरावांना आणखी चेव आला.

चौथा हेंकचा धाकटा भाऊ होता. त्याच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला.

"बाबा," नीलांबरीने त्यांची बाही ओढली.

"थांब गं, गोल अर्धवट सोडायचा नसतो." पाचव्या बाईने हात पुढे केलाच नाही. काशिनाथरावांनी तो मांडीवरून उचलून घेतला आणि हलवला. मग खोलीच्या मधोमध उभे राहून मोठ्याने विचारलं, "आणि आपला बर्थडे बॉय कुठे लपलाय?"

सगळ्यांनी फक्त बघितलं, काशिनाथरावांच्या पाठीमागे.

नीलांबरीने ते आत शिरतानाच पाहिलं होतं. दाराआडच्या कपाटावर हेंकचा फोटो होता आणि त्याच्यापुढे एक मेणबत्ती.

"मंगळवारी," भाऊ इंग्रजीत म्हणाला. "झोपेतच. आत्ताच त्याला पोचवून आलो."

गेले पंधरा दिवस काशिनाथराव दुसऱ्या शहरात, मुलाकडे ईस्ट टामाकीला होते. परतले ते कालच.

त्यांचा हात मफलरकडे गेला. गाठ सुटेना. नीलांबरी सोडवायला पुढे आली, तर त्यांनी तिलाही दूर केलं. तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत जमवलेला एकही डच शब्द बाहेर येईना. इंग्रजी येईना. "अहो, मला..." एवढंच मराठीत आलं.

खिडकीजवळच्या खुर्चीवरून हेंकची बायको रीट उठली. उंच बाई. सावकाश चालत ती त्यांच्यासमोर आली. तिने मफलर नीट बघितला.

"सकाळपासून इतकी माणसं आली," ती म्हणाली. "आज तारीख कोणती, सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्या तोंडून निघालं नाही." मग तिने त्यांचा हात हातात घेतला आणि रीतसर हलवला. "खेफेलिसितेर्त. तुमचंही. तुमच्या मित्राबद्दल."

तिने त्यांना खिडकीजवळ बसवलं, स्वतःच्याच खुर्चीत. कॉफी आणली, बिस्किटाचा डबा आणला. काशिनाथरावांनी एक घेतलं आणि सवयीने हात मागे ओढला, झाकणात बोट सापडू नये म्हणून.

झाकण रीटच्या दुसऱ्या हातात तसंच राहिलं. ती खिडकीबाहेर कुठेतरी बघत होती.

"अजून घ्या," ती म्हणाली.

काशिनाथरावांनी घाबरून नीलांबरीकडे पाहिलं. आणि मग चाळीस वर्षांत पहिल्यांदाच डब्यातलं दुसरं बिस्किट उचललं.