परतीचा पत्ता

पावणेचार वाजले होते आणि रुग्णालयाच्या संगणकवाल्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोष कुणाला द्यावा, तर चूक त्यांचीच. शनिवारी आवराआवरीच्या भरात त्यांनी सर्व्हरवरची जुनी आभासी यंत्रं, म्हणजे संगणकाच्या आतच मांडलेले छोटे संगणक, पुसून टाकली. त्यातल्याच एकातून नऊ दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः एक फिरता प्रोग्रॅम बाहेर धाडला होता.

त्याचं काम साधं. एकेका रुग्णालयाच्या सर्व्हरवर जायचं, तिथे अशा पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आभासी यंत्रात बसायचं, भांडाराची यादी चाळायची आणि पुढे निघायचं. हवा होता एक पंप, डायलिसिसच्या बंद पडलेल्या मशीनचा. कंपनीने तो बनवणं कधीच सोडलं होतं. मिळाला नाही तर मशीन भंगारात आणि अकरा रुग्णांना आठवड्यातून तीनदा दुसऱ्या शहराच्या खेपा, त्या चालूच.

"मग दुसऱ्या यंत्रात घ्या की त्याला," डायलिसिसच्या सिस्टर म्हणाल्या.

"जिथून निघाला तिथेच परततो तो. दोनदा येऊन गेलाय, घरच नव्हतं. चारला शेवटचा येईल. तेव्हाही नसलं, तर स्वतःला पुसून टाकेल."

"हे कुणी शिकवलं त्याला?"

"मीच. लोकांच्या याद्या घेऊन भटकत राहू नये म्हणून."

बाई जुन्या प्रतीवरून तेच यंत्र पुन्हा उभं करत होत्या. एक्क्याण्णव टक्क्यांवर गाडी अडली ती ढिम्म हलेना. चारला दोन मिनिटं असताना यंत्र एकदाचं सुरू झालं.

चार वाजले. काहीच नाही. चार वाजून एक मिनिट. बाईंना रडू फुटायच्या बेतात होतं.

आणि पडद्यावर यादी उतरू लागली. सतरा रुग्णालयं. सोळांपुढे 'नाही'. एकापुढे 'दोन, न वापरलेले'.

सिस्टरनी तिथल्या भांडारात फोन लावला. पलीकडच्या माणसाने उठून कपाट उघडून पाहिलं. "आहेत. संध्याकाळच्या गाडीने पाठवतो."

दुसरा फोन त्या अकरांतल्या सर्वांत वयस्कर रुग्णाला. "आजोबा, सोमवारपासून इथेच यायचं. तिकडची गाडी सांगू नका."

"म्हणजे दुपारी जेवायला मी घरी असेन?" आजोबांनी विचारलं.