स्वर्गातली मोकळी जागा

"या मोकळ्या जागेत गुडघे टेकलेला एक माणूस हवा," लांबर्ट चित्रावर बोट ठेवत म्हणाला. "ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, तरलेल्यांमध्ये. खर्च माझा. निळा रंग उंची वापर."

आलेयतने मान वर केली नाही. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि जगाच्या अंती होणाऱ्या न्यायदिनाचं हे चित्र त्यांच्यामागे तीच पुरं करत होती. घेंट शहरात जो चित्राचा खर्च करी, तो स्वतःला त्यात प्रार्थना करताना रंगवून घेई. चित्र चर्चच्या वेदीमागे लागलं की त्याच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना.

"दुष्काळात तुमच्या गोदामाला कुलूप होतं, शेठ."

"होतं."

"शेजारच्या विणकराची तीन लेकरं गेली. धाकटीला मी हातांवर नेलं. वजनच नव्हतं तिला. आणि आत धान्य भाव चढायची वाट बघत पडलं होतं."

"बोल, पोरी. खोटं काहीच नाही त्यात."

त्याच्या शांतपणाने तिचं डोकं आणखी भडकलं.

"तुम्हाला जागा मी आधीच दिलीय. ही बघा."

खाली, नरकाच्या कढईत, गळ्यात पोतं अडकवलेला एक माणूस उकळत होता. लांबर्टने वाकून निरखलं.

"नाक झकास जमलंय. बायको लांबूनच ओळखेल."

"हसा खुशाल. पण त्या धान्याचा धनी या स्वर्गात गुडघे टेकणार नाही. बाबांनी जन्मभर लोभी माणसं आगीत रंगवली. त्यांच्या चित्रात मी हे होऊ देणार नाही. काल वेदीवर हात ठेवून तशी शपथ घेतलीय."

लांबर्टचं हसू मावळलं.

"वेदीवर? म्हणजे आता मोडता यायची नाही."

"नाही."

तो स्टुलावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला आगीतच राहू दे. कुलूप मी लावलं, तेवढं पाप माझं आहेच. पण वरची जागा मी माझ्यासाठी मागत नव्हतो."

"मग कुणासाठी?"

"चित्रकारांच्या संघाला सभासदाने दुसरा धंदा केलेला चालत नाही, म्हणून नाव माझं लावलं होतं. शेवटच्या दिवशी त्याने माझा हात सोडला नाही. म्हणाला, मला तिथे बसव, पण पोरीला यातलं काही कळू देऊ नकोस." लांबर्टने टोपी डोक्यावर चढवली. "गोदाम तुझ्या बापाचं होतं, आलेयत."